कोळशाची वर्गणी

तुरसुनायला बँकेने सांगितलं होतं, शाळेतल्या पोरांना पैशाचं शहाणपण शिकवा. किती शिकवा, ते मात्र सांगितलं नव्हतं. सगळा घोळ तिथेच झाला.

बँकेला एकाएकी पोरांचा पुळका का आला, हे काही गुपित नव्हतं. वरून हुकूम सुटला होता. प्रत्येक शाखेने आसपासच्या गावांत जायचं, वरच्या वर्गांना ‘आर्थिक साक्षरता’ द्यायची आणि फोटो पाठवायचे. फोटो महत्त्वाचे! शाखेचा मॅनेजर उलान, राजधानी बिश्केकहून बदलून आलेला तिशीतला पोरगा, त्याने तुरसुनायच्या हातात गुंडाळलेलं पोस्टर ठेवलं, बँकेचं नाव छापलेल्या पेनांची पिशवी ठेवली आणि म्हणाला, “एजे, पोस्टर फोटोत आलं पाहिजे बरं का. आणि पोरं हसताना हवीत.”

एजे म्हणजे ताई. आमच्याकडे मोठ्या बाईला सगळे तेच म्हणतात, मग ती गल्ल्यावर बसो की फळ्यापुढे उभी राहो. तुरसुनायचं अर्धं आयुष्य गल्ल्यावर गेलेलं. न वाचता सही ठोकणारी माणसं तिने इतकी पाहिली होती की रात्री स्वप्नातही ती कुणाला तरी ओरडायची, “अहो, आधी वाचा तरी!” त्यामुळे हे शिकवण्याचं काम इतरांनी टाळलं, तिने मात्र मनापासून घेतलं. उलानला वाटलं, बरं झालं, एक भोळी सापडली.

तिच्या वाट्याला कोक-जारची शाळा आली. बँक नारीन शहरात, तिथून टॅक्सीत चार जणांबरोबर कोंबून बसायचं, फाट्यावर उतरायचं, पुढे चालत. पहिल्याच दिवशी तिने वर्गात पोस्टर उलगडलं आणि कपाळावर हात मारला. पोस्टरवर गुलाबी, हसणारं डुक्कर! पाठीत नाणं टाकायची फट. अरे, मुख्य कचेरीत बसलेल्यांना डोकं आहे की नाही? मुसलमानांच्या गावात बचत शिकवायला डुक्कर पाठवता? पोरं खिदळायला लागली. शेवटी अकरावीतल्या बुरुलने पेन घेऊन त्या डुकराला दोन गोल शिंगं काढली, अंगावर लोकर काढली आणि म्हणाली, “घ्या एजे, झाला मेंढा. आता हलाल.”

ही बुरुल. काल्बूबूची थोरली. जीभ अशी की हेडमास्तरसुद्धा तिच्या वर्गावरून जाताना पावलं भरभर टाकायचे. पण अभ्यासात एक नंबर. बिश्केकला हिशेबनिशी शिकवणारं एक कॉलेज आहे, तिथे खेड्यातल्या पोरांसाठी राहण्या-जेवणासकट फुकट जागा असतात. तिचे मार्क तिथे पोचलेले होते, परीक्षाही पास झाली होती. राहिली होती मुलाखत, आणि त्याआधी शाळेचा वर्तणुकीचा दाखला. तो हेडमास्तरांनी लिहायचा, महिनाअखेरीपर्यंत पाठवायचा. काल्बूबूच्या चार गायी. फुकट जागा नाही मिळाली, तर बुरुलने पुढच्या वर्षी काय करायचं ते त्या गायींनाही ठाऊक होतं.

तुरसुनायने पुस्तकी गोष्टी बाजूला ठेवल्या. फळ्यावर तीनच प्रश्न लिहिले. पैसे कुणी घेतले? कशाला घेतले? गेले कुठे? म्हणाली, “पोरांनो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. कुणी तुमच्याकडून पैसे घेतले की हे तीन प्रश्न विचारायचे आणि पावती मागायची. लाजायचं नाही.”

“कुणालाही विचारायचे?” बुरुलने विचारलं.

“कुणालाही.”

“मोठ्या माणसांनापण?”

 तुरसुनाय हसून म्हणाली, “मोठ्यांनाच तर विचारायचे. लहानांकडे पैसे असतात कुठे?”

वर्ग हसला. हसताना पोरांच्या तोंडातून वाफ निघाली. पोरं कोट घालून, टोप्या घालून बसलेली. कोपऱ्यातली भट्टी थंडगार. शिकवण्याच्या भरात तुरसुनायने ते पाहिलं आणि विसरली. विसरली नसती तर पुढचं तिला तिथल्या तिथे कळलं असतं.

पुढच्या आठवड्यात ती गेली, तर बुरुल वर्गाबाहेर, व्हरांड्यात उभी. नाक लाल, हात काखेत.

“काय गं, काय झालं?”

“तुमचा धडा गिरवला, एजे.”

झालं होतं असं. कोळशाच्या वर्गणीचा दिवस होता. ही वर्गणी दर शरदात व्हायची. दर पोरामागे पैसे द्यायचे, शाळा कोळसा आणणार, भट्ट्या पेटणार. पैसे दरवर्षी जायचे. भट्टी पेटायची ती तपासणीसाहेब यायचे त्या दिवशी. साहेबांची गाडी गेली की राख. हेडमास्तर शारशेन आगाय, आगाय म्हणजे गुरुजी, स्वतः वर्गात आले, टेबलावर टोपी उलटी ठेवली आणि म्हणाले, चला, आणा. बुरुल उठली. पैसे हातात होते, पण टोपीत टाकले नाहीत. विचारलं, “आगाय, मागच्या वर्षीचे पैसे कुणी घेतले? कशाला घेतले? गेले कुठे?” आणि मग, “पावती मिळेल का?” तिच्यामागून अख्खा वर्ग उठला. पावती, पावती, पावती!

टोपी रिकामीच परत गेली.

तुरसुनाय हेडमास्तरांच्या खोलीत शिरली तेव्हा तिच्या चष्म्यावर वाफ धरली. खोलीत विजेची शेगडी तापत होती. टेबलावर चहा, बोर्सोक म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, जर्दाळूचा मुरांबा. व्हरांड्यात पोरगी कुडकुडतेय, आणि इथे मुरांबा!

“या, या, एजे, बसा,” शारशेन आगाय म्हणाले. “तुम्ही आमच्या पोरांना काय शिकवलंत हो?”

“बँकेने तुम्हाला पाठवलेल्या पत्रात होतं तेच. पैशाचं शहाणपण.”

“शहाणपण? मोठ्या माणसाला भर वर्गात हिशेब मागणं हे शहाणपण? उयात!”

आता हा शब्द समजून घ्या. उयात म्हणजे लाज. पण आमच्याकडे तो शब्द नुसता लाजेसाठी नसतो, तो बूच म्हणून वापरतात. पोर काही विचारायला लागलं की द्यायचा तोंडात कोंबून. सासूला उलटून विचारलंस? उयात. नवऱ्याने पगाराचं काय केलं विचारलंस? उयात. ज्याने पैसे खाल्ले त्याला कुणी उयात म्हणत नाही, हं! ज्याने विचारलं त्यालाच.

“कोळसा कुठंय, आगाय?” तुरसुनायच्या तोंडून निघून गेलं.

आगायांचा चहाचा पेला हवेत थांबला. मग ते गोड हसले. हे हसू सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. कारण शारशेन आगाय नुसते हेडमास्तर नव्हते, ते तामादा होते. कोणाकडेही लग्न असो, बारसं असो, माइक त्यांच्याच हातात. पाहुण्यांनी आणलेला आहेर, ज्याला आम्ही कोशुमचा म्हणतो, तो ते असा पुकारायचे की तंबू हलायचा. “कोशुमचा ऐकाऽऽ! अमक्याच्या घरून एक मेंढी! टाळ्याऽऽ!” देणाऱ्याची मान ताठ व्हायची. आणि मग जेवायला बसलं की ज्याला त्याला मानाप्रमाणे वाटणीचं मटणाचं हाड, कुणाला कमरेचं, कुणाला मांडीचं. कोशुमचा घेतला आणि पाहुण्याला हाडाशिवाय परत पाठवलं, असं कोक-जारमध्ये कधी घडलं नव्हतं.

“शनिवारी पालकसभा बोलावलीय,” आगाय म्हणाले. “मुलगी सगळ्यांपुढे माफी मागेल. तुम्ही दोन शब्द बोलायचे, की धडा चांगला होता, पण पोरीने उलटा अर्थ घेतला. मी दाखला लिहीन, ती बिश्केकला जाईल, आपण सगळे चहा पिऊ. नाहीतर…” त्यांनी मुरांब्याची वाटी तिच्याकडे सरकवली. “दाखला लिहायला मला वेळ कुठून मिळणार? थंडीत शाई गोठते.”

तुरसुनायच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाई गोठते म्हणे! मुरांब्याला हात न लावता ती उठली. पण बोलली काही नाही, आणि त्याचाच तिला परतीच्या टॅक्सीत जास्त राग आला.

बँकेत पोचायच्या आधी उलानला फोन पोचला होता.

“एजे, काय हे? आपण बचत शिकवायला गेलो होतो, बंड करायला नाही.”

“तीन प्रश्न शिकवले, उलान. आपल्या माहितीपत्रात पहिल्या पानावर आहे, प्रश्न विचारा म्हणून.”

“अहो, ते आपलं छापायला असतं!” तो म्हणाला. आणि हे म्हणताना तो जराही अडखळला नाही, बघा. “शनिवारी जा आणि म्हणा, उलटा अर्थ घेतला. दोन शब्द. तुमचं काय जातं? नाहीतर हा कार्यक्रम मी दुसऱ्याला देतो, आणि मग गल्ल्यावरच्या जागेचंही बघावं लागेल.”

तिचं काय जात होतं, ते तिला चांगलं ठाऊक होतं. मुलगा शेवटच्या वर्षाला होता, घराचं छप्पर अर्धं झालं होतं. नोकरी गेली तर छप्पर तसंच राहणार. पण दोन शब्द बोलले तर एक पोरगी जन्मभर समजणार, की बरोबर विचारलं ते चूक होतं. आणि हे तिला तिच्याच बाईने शिकवलेलं असणार.

शनिवारी शाळेच्या पायऱ्यांवर काल्बूबू भेटली. रुमाल कपाळापर्यंत ओढलेला, लेकीचं मनगट घट्ट धरलेलं.

“एजे, तुम्हीच सांगा हिला. माफी मागून टाक म्हणावं. जिभेचं काय झिजतं?”

“मी कोळसा खाल्ला नाही, मी कशाला मागू?” बुरुल फणकारली.

“अगं, दाखला अडकलाय ना सटवे! तुझ्या तोऱ्यावर तिथे जेवायला घालणारेत का?”

“आई, तुझी बोटं फुटलीत थंडीने. तूही वर्गणी दिलीस. तुझ्या घरात तरी कोळसा आहे का?”

काल्बूबूने हात झटकन शालीखाली घेतला. तुरसुनायला काही बोलायचं होतं, पण आत माइक खरखरला आणि सगळे आत गेले.

सभागृहात बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी. बायका शालीत गुरफटून, म्हातारे टोप्या घालून बाकांवर. आगायांनी लग्नातला स्वतःचा माइक आणि भोंगा आणला होता. माणसाने इतकी तयारी करावी ती माफी ऐकायला! त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. आपल्या पूर्वजांनी मोठ्यांपुढे मान खाली घालायला शिकवलं. आजकाल पोरांना उयात राहिली नाही. बाहेरून कुणी काहीही शिकवून जातं. मग ते तुरसुनायकडे वळले, आणि तेच गोड हसू. “आता बँकेच्या एजे स्वतः सांगतील, की मुलीने उलटा अर्थ घेतला.”

तुरसुनायने माइक घेतला.  

“मी गल्ल्यावर बसते,” ती म्हणाली. “तुमच्यातले कितीतरी जण माझ्यासमोर न वाचता सही करून गेलेत. नंतर रडत आलात, तेव्हाही मी समोर होते. म्हणून तुमच्या पोरांना मी एकच गोष्ट शिकवली, विचारा. बुरुलने उलटा अर्थ घेतला नाही. तिने अगदी सुलटा घेतला. मी फळ्यावर जे लिहिलं ते अक्षरन् अक्षर विचारलं. माफी मागायची असेल तर मला मागावी लागेल, आणि मी मागणार नाही.”

 मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. आगायांचा चेहरा लालबुंद झाला, पण तामादा तो तामादा, सावरले. “एजे दमल्यात. प्रवास लांबचा. चल गं बुरुल, ये, माफी माग.”

बुरुल आली. माइक घेतला. एकदा आईकडे पाहिलं. मग छाती भरून श्वास घेतला आणि शारशेन आगायांच्याच सुरात, त्यांच्याच हेलात पुकारलं, “कोक-जारच्या मानाच्या पाहुण्यांनोऽऽ! कोशुमचा ऐकाऽऽ!”

कुणीतरी फस्सकन हसलं.

“काल्बूबूच्या घरून, कोळशासाठी, मागच्या शरदाची वर्गणी! त्याच्या मागच्या शरदाची! टाळ्याऽऽ! जोलदोश आजोबांच्या घरून, गुडघ्याचं ऑपरेशन ढकललं, पण वर्गणी दिली! टाळ्याऽऽ! आसिलच्या घरून, तीन लेकरं, तिघांचीही वर्गणी! टाळ्याऽऽ!”

आता हसत कुणी नव्हतं. ज्याचं नाव येई त्याची मान आपोआप वर होई, लग्नात व्हायची तशीच. सवयच ती.

“पाहुणे कधीचे जेवायला बसलेत, आगाय,” बुरुल म्हणाली. आता तिचा आवाज तिचा स्वतःचा होता. “कोशुमचा घेतलात. आमची हाडं कुठंयत? मटण कुठंय? तुम्ही लग्नात नावं पुकारता तेव्हा उयात नसते. मग आज मी पुकारली तर कशी झाली?”

“बंद करा तो माइक!” आगाय ओरडले, आणि स्वतःच धावत जाऊन भोंग्याची वायर उपटली.

पण काल्बूबूला माइक लागत नव्हता. गायी हाकणाऱ्या बाईचा आवाज तो. ती उठली, रुमाल मागे सारला. “माझ्या घरचा कोशुमचा पोरीने बरोबर सांगितला,” ती म्हणाली. “मी दिलाय. माझं हाड कुठंय?”

“माझं कुठंय?” जोलदोश आजोबा काठी टेकत उठले. मग आसिल. मग सगळा बाक. उयातचं बूच एकदा उडालं की परत बसत नाही हो! आगाय मागच्या दाराने गेले. टोपी टेबलावरच राहिली.

सोमवारी सकाळी शाळेच्या अंगणात कोळशाचा ढीग. कुणी मागवला नाही, कुणी ट्रक आणला ते कुणी पाहिलं नाही. कोळसा ओला होता, अर्धा भुगा, आणि त्यात कुजलेली जर्दाळूची पानं. आता शाळेत जर्दाळूचं एक झाड नाही. कुणाच्या परसात आहे ते सगळ्या गावाला माहीत. आगाय म्हणाले, ट्रक वाटेत अडकला होता. दोन हिवाळे अडकला होता! चौकशी झाली नाही. वरून विचारलं ते फक्त, फोटो कुठे आहेत. उलानने ते पाठवले. शिंगवाल्या डुकरापुढे हसणारी पोरं मुख्य कचेरीला इतकी आवडली की शाखेला शाबासकीचं पत्र आलं, उलानच्या नावाने. कोक-जारचा कार्यक्रम ‘यशस्वीरीत्या पूर्ण’ झाला आणि तुरसुनाय गल्ल्यावर, दाराजवळच्या, वाऱ्याच्या जागी. गेल्याच महिन्यात एका लग्नात आगायांनी “कोशुमचा ऐकाऽऽ!” म्हटलं, तेव्हा मागून कुणीतरी “कोळसाऽऽ!” ओरडलं. तंबू हसला. शिक्षा झाली असेल तर तेवढीच.

आणि दाखला? दाखला लिहिला त्यांनी. नाही लिहिला तर गाव दारात येईल ही भीती होती. पण कसा लिहिला! महिनाअखेरीला बुरुल तो घेऊन बँकेत आली. तुरसुनायने काचेमागून वाचला. ‘सदर विद्यार्थिनी अभ्यासात हुशार असली तरी मोठ्यांचा मान ठेवत नाही. पैशाचा हिशेब मागण्याची तिला खोड आहे. एकदा प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत ती पिच्छा सोडत नाही.’ खाली गोल शिक्का, झोकदार सही.

“मेल्याने वाटोळं केलं गं तुझं!” तुरसुनायच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी जाते. मी दुसरा लिहून घेते त्याच्याकडून.”

“नको,” बुरुल म्हणाली. दाखला परत घेतला, घडी न घालता पिशवीत ठेवला. “हाच देते.”

त्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. तुरसुनायने हजारदा स्वतःला दोष दिला. दोन शब्द बोलले असते तर? मग एका दुपारी, गिऱ्हाइकांची रांग दारापर्यंत गेलेली असताना तिचा फोन वाजला.

“एजे, मुलाखत झाली.”

“आणि? बोल ना! दाखला वाचला का त्यांनी?”

“वाचला. मोठ्याने वाचला. पाच जण बसले होते, मधे एक म्हातारी बाई, जाड चष्म्याची. तिने दोनदा वाचला. मग चष्मा काढला आणि मला विचारलं, ‘मग? मिळालं का उत्तर?’”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, अजून नाही. म्हणून तर इथे आलेय.”

 काचेपलीकडचा माणूस कागद पुढे सरकवून पेन उघडत होता.

“एजे? ऐकताय ना? अंथरूण-पांघरूण घेऊन सप्टेंबरात या म्हणाल्या. एजे?”

“ऐकतेय गं,” तुरसुनाय म्हणाली. तिने फोन खांद्याशी धरला, नाक पुसलं आणि काचेपलीकडच्या माणसाच्या हातावर टक्कन बोट मारलं. “अहो! आधी वाचा तरी.”